सभेनंतर उमेदवाराचा आकडा खरंच चढला का, हे तपासायचं कसं

मोठी सभा झाली की तिसऱ्या दिवशी प्रचार कार्यालयात कुणीतरी टॅब घेऊन येतं आणि सांगतं, "साहेब, पाच टक्क्यांनी वर आहोत." हा आकडा कुणी बसून रचलेला नसतो. पोरं खरोखर दारोदार फिरलेली असतात. पण सभेच्या दुसऱ्या दिवशी ज्यांचा पक्ष जोरात असतो ते दार उघडून दहा मिनिटं हौसेनं बोलतात, आणि समोरच्या बाजूचे "आत्ता वेळ नाही" म्हणून दार लावून घेतात. मतं जिथल्या तिथे असतात. बदललेली असतात ती बोलणारी माणसं.

हा फरक ओळखायचा तर सगळी तयारी सभेच्या आधी करावी लागते. नंतर कितीही हुशार माणूस बसवला तरी तो आकड्यातून हे वेगळं काढू शकत नाही. पुण्यातला एक विधानसभा मतदारसंघ धरून, सोळा पाहणी करणारे आणि दोन फेऱ्या एवढ्या बळावर हे कसं करायचं ते पुढे दिलं आहे.

आधी अमेरिकेकडे बघू, कारण हा प्रश्न तिथे सगळ्यात जास्त तपासला गेला आहे

तिथे दर चार वर्षांनी दोन्ही पक्षांची राष्ट्रीय अधिवेशनं होतात. चार दिवसांचा सोहळा, शेवटच्या रात्री राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं भाषण. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेची मोजण्याची पद्धत साधी होती: अधिवेशनाआधीची शेवटची चाचणी आणि नंतरची पहिली चाचणी, यातला फरक म्हणजे उसळी. १९६४ पासूनची सरासरी काढली तर ही उसळी साधारण पाच टक्के भरते. पण सरासरीत अडकू नका, एकेक साल वेगळं आहे.

१९९२ मध्ये बिल क्लिंटन यांना १६ टक्क्यांची उसळी मिळाली. न्यूयॉर्कच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, १६ जुलैला, तिसरे उमेदवार रॉस पेरो यांनी शर्यतीतून अंग काढून घेतलं होतं. त्यांचे मतदार कुठेतरी जाणारच होते. म्हणजे त्या १६ मधले भाषणाचे किती आणि पेरोंचे किती? १९८८ मध्ये मायकेल डुकाकिस अटलांटाच्या अधिवेशनानंतर १७ टक्क्यांनी पुढे होते आणि नोव्हेंबरमध्ये हरले. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांचं स्वीकृतीचं भाषण लांबत लांबत पहाटे तीनच्या सुमारास झालं. निम्मा देश झोपला होता, उसळी शून्य. २००४ मध्ये जॉन केरी यांचा आकडा अधिवेशनानंतर हललाच नाही, कारण बहुतेकांचं आधीच ठरलं होतं.

यातून कामाच्या दोन गोष्टी घ्यायच्या. "अजून ठरलं नाही" म्हणणारे किती शिल्लक आहेत आणि उमेदवार लोकांना किती कमी माहीत आहे, यावर उसळीचा आकार ठरतो. आणि त्याच आठवड्यात दुसरं काही मोठं घडलं असेल तर उसळीचं श्रेय कुणालाच देता येत नाही. २०२४ बघा: १३ जुलैला ट्रम्प यांच्यावर गोळीबार, १५ ते १८ मिलवॉकीला अधिवेशन, २१ ला बायडन यांची माघार. त्या आठवड्यातून अधिवेशनाचा परिणाम वेगळा काढून दाखवतो म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

योगायोग असा की त्याच २१ जुलैला बालेवाडीत भाजपचं प्रदेश अधिवेशन होतं. पण आपल्याकडच्या अधिवेशनात उमेदवार ठरत नाही. विधानसभेच्या याद्या त्यानंतर तीन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये आल्या. जुलैत मोजायचं कुणाला? त्यामुळे अमेरिकेतल्या अधिवेशनाशी तुलना करायची तर आपल्याकडे ती उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर होणाऱ्या मोठ्या जाहीर सभेशीच करावी. अधिवेशन आणि कार्यकर्ता मेळावा यांचा परिणाम कार्यकर्त्यांवर होतो, आणि तो मतदारांच्या पाहणीत सापडत नाही. तो बूथवर किती माणसं बसली यात सापडतो.

मोजायचं नेमकं काय

"पसंती" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रचारातली माणसं त्या हमखास एकत्र करतात. नाव माहीत आहे का, ही ओळख. माणूस बरा वाटतो का, ही पसंती. बटण कुणाचं दाबणार, हे मत. सभेनं ओळख पटकन वाढते, पसंती थोडी, मत सगळ्यात कमी. नवख्या उमेदवाराची ओळख दहा टक्क्यांनी वाढली म्हणून पेढे वाटू नयेत. ती होर्डिंगनंही वाढते.

पसंतीसाठी पाच पायऱ्या ठेवा: खूप चांगलं मत, बरं मत, बरं ना वाईट, वाईट मत, खूप वाईट मत. "नाव ऐकलेलं नाही" हा सहावा रकाना वेगळा, तो "बरं ना वाईट" मध्ये टाकायचा नाही. हाच प्रश्न समोरच्या उमेदवाराबद्दलही तसाच्या तसा विचारायचा. सभेतल्या एखाद्या वाक्यानं समोरच्याची माणसं चिडून एकत्र आली, तर ते फक्त तिथेच दिसतं.

महापालिकेची निवडणूक असेल तर थोडं थांबा. चार सदस्यांच्या प्रभागात मतदार अ, ब, क, ड अशी चार मतं देतो, आणि चारही एकाच पक्षाला देईलच असं नाही. तिथे "कोणत्या पक्षाला देणार" या एका प्रश्नावर काम उरकलं की पाहणी वाया गेली. चारही जागा वेगळ्या विचाराव्या लागतात, मुलाखत दुप्पट लांबते आणि माणसं मध्येच उठून जातात. अशा वेळी पसंतीचे प्रश्न एका जागेपुरतेच ठेवलेले बरे.

तारखा

सगळं अडतं ते इथे. २०२४ ची विधानसभा घ्या. अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबर, पंतप्रधानांची स. प. महाविद्यालयाच्या मैदानावरची सभा १२ नोव्हेंबर, प्रचार बंद १८ ला, मतदान २० ला. १ तारखेला लक्ष्मीपूजन आणि ३ ला भाऊबीज, म्हणजे ५ तारखेपर्यंत निम्मं पुणं गावाला. अशा वेळापत्रकात पहिली फेरी ७ ते १० आणि दुसरी १४ ते १७, यापलीकडे जागाच नाही. परिणाम टिकला का हे बघायला दहा-बारा दिवसांनी तिसरी फेरी घ्यावी असं शास्त्र सांगतं, पण इथे तोवर शाई वाळलेली असते.

सभेचा दिवस शून्य धरा. पहिली फेरी उणे पाच ते उणे दोन. उणे एकला मंडप, झेंडे, वाहतुकीचे बदल सुरू होतात, म्हणजे सभा लोकांपर्यंत पोचायला लागलेली असते. दुसरी फेरी अधिक दोन ते अधिक पाच. अधिक एकला जाऊ नका. त्या दिवशी रस्ते अडल्याचा वैतागही ताजा असतो आणि समर्थकांचा जोरही. शक्यतो दोन्ही फेऱ्यांत वार तेच ठेवा, निदान शनिवार-रविवार दोन्हींत सारखे येऊ द्या. वरच्या वेळापत्रकात ९ आणि १० नोव्हेंबर हे शनिवार-रविवार, तसे १६ आणि १७ पण, त्यामुळे ते आपोआप जमतं. रविवारी भेटणारा नोकरदार मंगळवारी दुपारी भेटत नाही, आणि तेवढ्यानंही आकडा हलतो.

दोन फेऱ्यांच्या मध्ये काय काय घडलं याची एक वही ठेवा. २०२४ च्या लोकसभेला रेसकोर्सवर पंतप्रधानांची सभा २९ एप्रिलला झाली आणि राहुल गांधींची पुण्यातली सभा ३ मे रोजी. मध्ये चारच दिवस. २ ते ४ मे या काळात कुणी दुसरी फेरी घेतली असेल तर तिच्यात दोन्ही सभा मिसळल्या. वहीत दिवसाला दोन ओळी पुरतात: कुणाची सभा, कुणाचा प्रवेश, कुठला व्हिडिओ फिरतोय, पाणी बंद होतं का. पाणी बंद असलेला गुरुवार कुणी मनावर घेत नाही, पण नगरसेवकापासून आमदारापर्यंत सगळ्यांवरचा राग त्या दिवशी एक पायरी वर असतो.

नमुना: मतदारयादीतूनच

चौकात उभं राहून विचारलेल्या मतांना इथे किंमत नाही. जंगली महाराज रस्त्यावर भेटणारा माणूस कोथरूडचा आहे की पिंपरीचा, मतदार आहे की कॉट बेसिसवर राहणारा विद्यार्थी, तुम्हाला कळत नाही. यादीतूनच नावं काढायची.

मतदारसंघातली सगळी मतदान केंद्रं कागदावर घ्या. मागच्या निवडणुकीचा फॉर्म २० मिळवा. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. केंद्रं क्रमांकानं लावू नका, मागच्या वेळी तुमच्या उमेदवाराच्या पक्षाला मिळालेल्या टक्केवारीनं उतरत्या क्रमानं लावा. मग ठरावीक अंतरानं उचला. ३२४ केंद्रं असतील आणि ५४ हवी असतील तर दर सहावं, सुरुवात १ ते ६ मधली चिठ्ठी काढून. असं केलं की बालेकिल्ले, पडके भाग आणि काठावरची केंद्रं आपोआप प्रमाणात येतात. एक काळजी घ्यायची: केंद्रांची फेररचना होते. मागच्या वेळचं १४२ क्रमांकाचं केंद्र आज १४२ असेलच असं नाही, त्यामुळे इमारतीचं नाव आणि यादीतले रस्ते जुळवून बघा.

प्रत्येक केंद्रातून १२ मुलाखती हव्यात, त्यासाठी ३० नावं काढा. यादीत १,०८० मतदार असतील तर १०८० भागिले ३० म्हणजे ३६. १ ते ३६ मधली चिठ्ठी, समजा १७ आली: १७, ५३, ८९ असं पुढे. वगळलेलं नाव आलं तर ते सोडा, त्याच्या खालचं घेऊ नका.

३० कशाला, असं पहिल्या दिवशी सगळे विचारतात. दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. कसब्यात वाडा पाडून इमारत उभी राहते, माणसं धायरीला नाहीतर वारज्याला जातात आणि नाव मात्र जुन्या पत्त्यावरच राहतं. असा मतदार मतदानाला येतो, म्हणून त्याला बाद करू नका; शेजाऱ्यांकडून नवा पत्ता किंवा फोन मिळाला तर फोनवर मुलाखत घ्या आणि अर्जावर तशी खूण करा. मयत, लग्न होऊन गेलेल्या मुली, परदेशी असलेली मुलं यांत सहा-सात नावं जातात. बाणेर किंवा कोथरूडच्या मोठ्या सोसायटीत वॉचमन गेटवरच अडवतो. तिथे आदल्या दिवशी सेक्रेटरींना पत्र देऊन वेळ ठरवा; गेटच्या ॲपवरून फ्लॅटधारकाला थेट विनंती पाठवली तर दहापैकी आठ जण नकारच देतात.

एका नावासाठी तीन खेपा: एक सकाळी नऊच्या आत, एक संध्याकाळी सात ते नऊ, एक रविवारी. पर्वती पायथ्याच्या वस्त्यांत सकाळची वेळ चालते, पण पाणी यायची वेळ टाळा. पेठांत दुपारी एक ते चार जाऊच नका. कारण सांगायला नको. आणि यादीतला माणूस भेटला नाही म्हणून शेजारच्याची मुलाखत घेणं, हा सगळ्यात जास्त होणारा आणि सगळ्यात घातक प्रकार. जो सहज भेटतो तोच बोलका असतो, आणि बोलके कोण असतात ते वर सांगितलंच.

५४ गुणिले १२ म्हणजे ६४८ मुलाखती. सोळा जण, चार दिवस, रोज प्रत्येकी दहा. कुणी रोज पंचवीस आणून दिल्या तर त्याचे अर्ज बाजूला काढा आणि त्यातल्या पाच जणांना स्वतः फोन करा. सोळांत निम्म्या मुली असाव्यात. दुपारी-संध्याकाळी घरात एकटी बाई असेल तर ती अनोळखी मुलाशी बोलत नाही, आणि मग तुमच्या नमुन्यात बायकाच कमी पडतात.

आता महत्त्वाचं: दुसऱ्या फेरीत याच ६४८ जणांकडे परत जायचं. नवे ६४८ काढायचे नाहीत. शंभर-दीडशे गळतील, पाचशेच्या आसपास राहतील.

दारात

पहिलं वाक्य पाठ करून घ्या, कारण पहिल्या दहा सेकंदांत दार लागतं किंवा उघडतं.

"नमस्कार काकू, आम्ही मतदारांचं मत विचारत फिरतोय. यादीत अमुक अमुक नाव आहे, ते घरी आहेत का?"

यावर पुण्यात ठरलेला प्रतिप्रश्न येतो: "कुणाकडून आलात?" पाहणी उमेदवारानंच करवून घेतली असेल तर "कुठल्याच पक्षाकडून नाही" असं खोटं बोलू नका. "आधी सांगितलं तर तुमच्या उत्तरावर परिणाम होईल, मुलाखत झाल्यावर नक्की सांगते" एवढं म्हणा, आणि मग खरंच सांगा. दुसऱ्या फेरीत याच दारात परत उभं राहायचं आहे.

प्रश्नांचा क्रम बदलायचा नाही. आधी मत, मग पसंती, मग मागच्या वेळचं मत, आणि सगळ्यात शेवटी सभा. सभेचा उल्लेख वर आला की माणूस त्या रंगात उत्तर देतो आणि तुमची उसळी तुम्हीच तयार करता. सभेचा प्रश्नही "अमक्यांची सभा ऐकलीत का?" असा नको. "गेल्या आठवडाभरात कुठल्या सभेबद्दल काही ऐकलं, पाहिलं?" असा मोकळा विचारा आणि जे बोलतील ते शब्द तसेच लिहा. कुणी भाषणातलं वाक्य सांगेल, कुणी म्हणेल, "ती नाही का, टिळक रस्ता बंद होता तेव्हा." दोन्ही उत्तरं मोलाची आहेत.

मताचा प्रश्न तोंडी विचारू नका. अर्ध्या कागदावर खोटी मतपत्रिका छापा: उमेदवारांची नावं आणि चिन्हं यंत्रावर असतील त्याच क्रमानं, शेवटी नोटा. मतदार खूण करतो, घडी घालतो आणि बंद डब्यात टाकतो. देशभर पाहण्या करणारी लोकनीती ही संस्था बरीच वर्षं हेच करते, कारण सासू समोर बसलेली असताना सून तोंडानं खरं सांगत नाही. मतपत्रिकेच्या मागे क्रमांक लागतोच, नाहीतर पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची जोडी लावता येत नाही आणि सगळा खर्च पाण्यात जातो. "यावर नंबर आहे, नाव नाही" हे आपणहून सांगा. लपवलेला नंबर सापडला की मुलाखत संपली.

उत्तरांची नोंद करताना तीन रकाने नीट वेगळे ठेवा. "बघू, अजून वेळ आहे" म्हणजे ठरलेलं नाही. "ते कशाला सांगायचं?" म्हणजे ठरलं आहे, सांगायचं नाही. "सगळे सारखेच हो" हे दोन्हींपैकी काहीच नाही, तिथे एकदाच विचारा, "मतदानाला जाणार का?" पुढच्या सगळ्या हिशेबाचा जीव पहिल्या रकान्यात आहे, आणि घाईत हे तिन्ही "सांगता येत नाही" मध्ये कोंबले जातात.

मागच्या मताचा प्रश्न महाराष्ट्रात अवघड होऊन बसला आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. "मागच्या वेळी राष्ट्रवादीला" या उत्तराचा आज काहीच अर्थ लागत नाही. पक्ष विचारू नका. त्या निवडणुकीतल्या उमेदवारांची नावं आणि तेव्हाची चिन्हं असलेलं कार्ड दाखवा आणि बोट ठेवायला सांगा.

हिशेब

वर म्हटलं की मतं न बदलता आकडा चढतो. ते असं. पहिल्या फेरीत ६०० जण, त्यातले ४० टक्के मागच्या वेळी तुमच्या पक्षाला मत दिलेले. त्यांच्यात उमेदवाराला ८५ टक्के पसंती, बाकीच्यांत १५ टक्के. एकूण ३४ अधिक ९, म्हणजे ४३. सभेनंतर नवे ६०० घेतले, आणि आपली माणसं खुशीत असल्यानं त्यांचं प्रमाण ४६ टक्के भरलं. पसंती तीच, ८५ आणि १५. एकूण ३९.१ अधिक ८.१, म्हणजे ४७.२. चार टक्क्यांची उसळी, आणि एकाही माणसानं मत बदललेलं नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये ओबामा आणि रॉमनी यांच्या पहिल्या वादसभेनंतर असंच झालं. एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर रोज हजारो लोकांकडून उत्तरं घेणाऱ्या संशोधकांनी नंतर दाखवलं की रॉमनींची बरीचशी चढ ही उत्तरं देणाऱ्यांचं मिश्रण बदलल्यामुळे दिसली होती.

म्हणून दोन्ही फेऱ्यांत मागच्या मताचं प्रमाण सारखं करून मगच तुलना करायची. वरच्या उदाहरणात दुसऱ्या फेरीतल्या ४६ ला ४० चं वजन द्या, आकडा परत ४३ वर येतो. इथे एक मोह होतो: प्रत्यक्ष निकालातल्या टक्केवारीला जुळवण्याचा. तो आवरा. निवडून आलेल्याला मत दिलं होतं असं सांगणारे नेहमीच प्रत्यक्षापेक्षा जास्त भरतात. दोन्ही फेऱ्या एकमेकींशी जुळल्या की आपलं काम होतं.

नव्या माणसांच्या दोन फेऱ्यांत दुसरीही अडचण आहे. ४०० आणि ४०० जणांच्या दोन वेगळ्या नमुन्यांतला फरक सुमारे सात टक्क्यांच्या आत असेल तर तो नुसत्या चिठ्ठ्यांच्या खेळानंही येऊ शकतो. हजार आणि हजार घेतले तरी मर्यादा साडेचारच्या जवळ. पाच टक्क्यांची उसळी चारशेच्या जाळ्यातून निसटते, हजाराच्या जाळ्यात जेमतेम अडकते. शिवाय एका केंद्रातली माणसं एकमेकांसारखी असतात. २५ केंद्रांत प्रत्येकी २० अशा ५०० मुलाखती घेतल्या आणि केंद्रातलं साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळे एकसारखे) ०.०५ धरलं, तर १ अधिक १९ (म्हणजे २० वजा १) गुणिले ०.०५ म्हणजे १.९५; यानं भागलं की तुमच्या ५०० चं वजन २५६ एवढंच. केंद्रं वाढवून प्रत्येकी १२ घेतल्या तर हाच भाजक १.५५ वर येतो. ५४ केंद्रांचा हट्ट त्यासाठी.

त्याच माणसांकडे परत गेलात की गणित पार बदलतं, आणि कागदावर करता येतं. पाचशे जोड्या घ्या. सभेआधी तुमचा नसलेला आणि नंतर तुमचा झालेला, असे समजा ४०. आधी तुमचा होता आणि सुटला, असे २०. निव्वळ फायदा २०, म्हणजे चार टक्के. आता बदललेल्या सगळ्यांची बेरीज ६०, तिचं वर्गमूळ सुमारे ७.७. निव्वळ फायदा या वर्गमूळाच्या दुपटीपेक्षा मोठा हवा. केंद्रातल्या साम्यामुळे दुपटीऐवजी अडीचपट धरा. ७.७ ची अडीचपट १९ च्या थोडी वर. आपले २० जेमतेम पुढे. एवढ्यावर "सभेचा परिणाम दिसतो" म्हणता येईल, "लाट आली" म्हणता येणार नाही.

मग एक तक्ता मांडा. आडव्या ओळींत पहिल्या फेरीचं उत्तर, उभ्या रकान्यांत दुसऱ्या फेरीचं: आपला, समोरचा, इतर, ठरलं नाही. आलेले ४० कुठल्या ओळीतून आले ते बघा. बहुतेक वेळा ते "ठरलं नाही" मधून येतात, आणि त्यांचं मागचं मत काढलं तर ते आपलेच जुने मतदार निघतात, रुसलेले. सभा त्यांना घरी आणते. तो फायदा सहसा टिकतो. समोरच्याच्या ओळीतून दहापेक्षा जास्त आले असतील तर आधी जोड्या लावण्यात चूक झाली का ते तपासा; नवरा-बायकोच्या मतपत्रिकांचे क्रमांक अदलाबदल होणं हे नेहमीचं आहे.

गळालेल्या दीडशेंचं पहिल्या फेरीतलं उत्तर तुमच्याकडे आहेच. त्यात समोरच्याचे समर्थक जास्त असतील तर उरलेल्या समोरच्यांना तेवढं वजन वाढवून द्या. नव्या नमुन्यात ही सोय कधीच नसते. आणि एकदा मुलाखत झालेला माणूस बातम्या जरा जास्तच बघायला लागतो, म्हणून दुसऱ्या फेरीत आधी न भेटलेले शंभरेक जण वेगळे घ्या आणि सभेबद्दल ऐकल्याचं प्रमाण दोन्हीकडे ताडून बघा.

गर्दीचं काय

मैदान भरलं म्हणून आकडा चढतो असं नाही. वीस हजारांची सभा, निम्मी गर्दी आजूबाजूच्या तालुक्यांतून बसनं आलेली. उरले दहा हजार. चार लाख मतदारांच्या मतदारसंघात ते अडीच टक्के, आणि सभेला येणारे बहुतेक आधीचेच पक्के. म्हणूनच "सभेला गेलेल्यांत पसंती ८० टक्के, न गेलेल्यांत ३८" ही तुलना कुणी मांडली तर ती सरळ फाडून टाका. ते ८० आधीही ८० च होते, पहिल्या फेरीचे अर्ज काढून दाखवता येईल. सभा मतदारापर्यंत पोचते ती टीव्हीवरच्या दोन मिनिटांतून आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका तुकड्यातून. तो तुकडा कधी भाषणातला असतो, कधी रिकाम्या खुर्च्यांचा. १८९५ मध्ये राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, अधिवेशन पुण्यात भरलं तेव्हाही गाव तापलं ते सामाजिक परिषद त्याच मांडवात भरवायची की नाही यावरून.

सभेजवळची केंद्रं आणि लांबची केंद्रं अशी तुलना करण्याची कल्पना दिसायला छान आहे. तिच्यातून रस्ते बंद, कर्कश भोंगे, पार्किंग यांचा परिणाम कळतो. भाषणाचा कळत नाही, कारण भाषण सगळीकडे सारखंच पोचलेलं असतं.

आकडा देताना

अहवालात एवढंच लिहा: किती जोड्या, कुठल्या तारखा, किती आले, किती गेले, निव्वळ किती, आणि मध्ये आणखी काय काय घडलं. वरच्या उदाहरणात "चार टक्के वाढ, अधिक-उणे ३.९". हे वाचून उमेदवाराचा चेहरा उतरतो, त्याला इलाज नाही.

लोकसभा-विधानसभेच्या मतदानाची वेळ संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचणीचे आकडे टीव्हीवर दाखवता येत नाहीत, आणि एक्झिट पोलवर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नं ठरलेल्या मुदतीत पूर्ण बंदी आहे. पाहणी खासगी असली तरी तिचा फोटो कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर गेला की ती खासगी राहत नाही, म्हणून छापील प्रत एकच काढा.

क्रमांक आणि नावं जोडणारी यादी उत्तरांच्या फाइलपासून वेगळ्या कपाटात ठेवा. दुसऱ्या फेरीच्या जोड्या लागल्या, फोन करून दहातल्या एका मुलाखतीची खातरजमा झाली, की ती यादी फाडून टाका. बूथप्रमुख ती मागायला येतो, "ठरलं नाही" वाल्यांची नावं तेवढी द्या म्हणतो. द्यायची नाहीत.